स्पीकर बॉक्स घरी बांधताना: लाकूडकामाची सवय नसलेल्यांसाठी

तंबोऱ्याचा भोपळा आवाजात भर घालण्यासाठी असतो. स्पीकरच्या डब्याचं काम याच्या बरोबर उलट आहे. आवाज वूफर (खालचे सूर काढणारा मोठा स्पीकर) आणि ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा) यांनी काढायचा, डब्यानं गप्प बसायचं. वूफरचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, पुढे जातो तेव्हा मागे उलटी लाट तयार होते. ती पुढच्या लाटेला भेटली की बेस खाऊन टाकते, म्हणून तिला कोंडून ठेवायचं. कोंडताना डब्याच्या भिंती थरथरू नयेत आणि कुठूनही हवा गळू नये. पहिल्यांदाच हातात ड्रिल धरणाऱ्यानं सगळं लक्ष या दोन गोष्टींवर द्यावं. पॉलिश, जाळी, कडांची गोलाई हे सगळं नंतरचं.

इथे दिलेली मापं साडेसहा इंची वूफर आणि एक इंची डोम ट्वीटरच्या, पूर्ण बंद डब्याच्या जोडीची आहेत. पहिल्या कामाला बंद डबाच घ्यावा, कारण तो चुका पोटात घालतो. किती, ते खालच्या हिशेबात दिसेल.

आधी वूफरचा कागद, मग लाकूड

डब्याचं आकारमान वूफर ठरवतो. नागपुरात सीताबर्डीत वूफर घेताना नुसत्या ‘१०० वॅट’वर जाऊ नका, वॅटवरून डब्याचं माप निघत नाही. डेटाशीट मागा आणि त्यात तीन आकडे शोधा: एफएस (मोकळा वूफर ज्या सुरावर सहज थरथरतो तो), क्यूटीएस (ती थरथर किती आवरली जाते ते, आकडा लहान तितकी जास्त) आणि व्हीएएस (वूफरच्या टांगणीइतकी लवचिक असणारी हवा, लिटरमध्ये). ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती पुढे नेली. आजही जगभरचे डबे याच आकड्यांवर बनतात.

समजा आपल्या वूफरचा एफएस ४५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४० आणि व्हीएएस २२ लिटर आहे. बंद डब्यात वूफर बसल्यावर जो नवा आकडा तयार होतो तो क्यूटीसी. तो ०.७०७ च्या आसपास असला की बेस सपाट राहतो. १ च्या वर गेला की ढबढब सुरू होते. हिशेब असा: ०.७०७ ला ०.४० नं भागा, १.७७ येतील. त्याचा वर्ग ३.१२, त्यातून १ वजा केला की २.१२. आता व्हीएएसला, म्हणजे २२ ला, २.१२ नं भागा. उत्तर १०.४ लिटर. खालचा आवाज साधारण ८० हर्ट्झपर्यंत सपाट येईल आणि त्याखाली हळूहळू उतरेल.

आता माप चुकलं तर काय होतं, त्याचा हिशेब करून बघा. डबा ९ लिटरचाच झाला तर क्यूटीसी ०.७४ होतो, १२ लिटरचा झाला तर ०.६७. कानाला हा फरक जेमतेम कळतो. हवा आत-बाहेर करायला नळी लावलेल्या डब्यात मात्र एवढी चूक चालत नाही.

क्यूटीएस ०.६ च्या वर असलेला वूफर या डब्यासाठी घेऊ नका. गाडीच्या दारात बसवायचे बरेच स्पीकर असे असतात. त्यांना लहान डब्यात कोंडलं की एकाच सुरात घुमतात. क्रॉसओव्हरही (खालचे सूर वूफरकडे आणि वरचे ट्वीटरकडे पाठवणारी सर्किटची पट्टी) वूफर-ट्वीटरच्या त्या विशिष्ट जोडीसाठी असतो. दोन्ही ड्रायव्हर (म्हणजे वूफर आणि ट्वीटर) आणि त्यांच्यासाठीच आखलेला क्रॉसओव्हर एकत्र मिळत असेल तर तोच घ्या. बाजारातला कुठलाही तयार क्रॉसओव्हर कुठल्याही जोडीला लावला तर डबा कितीही चांगला बांधा, गाण्यातला गळा बिघडलेलाच ऐकू येईल.

कोणतं लाकूड

१८ मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू गोंदानं दाबून केलेली फळी. दुकानात ‘सहा सूत’ किंवा ‘पाऊण इंची’ म्हटलं तरी कळतं. एमडीएफ जड असतो, सगळीकडे सारखा असतो, त्याला रेषा नसतात, त्यामुळे करवत सरळ चालते आणि कड स्वच्छ येते. त्याचा शत्रू पाणी. याच जाडीचा एचडीएचएमआर बोर्ड मिळाला तर थोडे जास्त पैसे देऊन तो घ्यावा, तो ओल जास्त सहन करतो. प्लायही चालतो, पण आयएस ७१० चा (पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का असलेला घ्या आणि कापलेल्या कडेकडे नीट बघा. स्वस्त प्लायमध्ये थरांच्या मध्ये पोकळ्या असतात. अशी पोकळी वूफरच्या भोकाजवळ आली की तिथून हवा गळते आणि ठरावीक सुरावर बारीक फरफर ऐकू येते. पार्टिकल बोर्ड नको, त्याच्या कडेत स्क्रू धरत नाही.

सागवान जवळच्या चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यातलं, म्हणून अख्खा डबा सागाच्या फळीचा करावा असा मोह नागपूरकराला होतोच. तो टाळा. भरीव फळी ऋतूप्रमाणे रुंदीत फुगते आणि आकसते. मेअखेरच्या नवतपात हवा पार कोरडी आणि जुलैत ओलीचिंब, या आपल्या हवेत चारी बाजूंनी चिकटवलेली फळी कुठेतरी तडकते किंवा सांधा उघडते. सागाची हौस वरून व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावून भागवा.

कटिंग लकडगंजातच करून घ्या

नवशिक्याचा डबा बहुतेक वेळा कापतानाच बिघडतो. हातकरवतीनं किंवा जिगसॉनं दोन फूट सरळ आणि काटकोनात कापणं अवघड आहे. लकडगंजात प्लायच्या दुकानांजवळ पॅनेल सॉवर कापून देणारे असतात. तिथे चांगले पैसे देऊन कटिंग करून घ्या. घरी फक्त भोकं पाडायची.

दोन डब्यांना आठ बाय चारच्या शीटचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग लागतो. आठ बाय दोनची अर्धी शीट घेतली की भोकांच्या सरावाला तुकडेही उरतात. तयार एका डब्याचं लाकूड साधारण पाच किलो भरतं.

दोन डब्यांचे मिळून तुकडे असे, सगळी मापं मिलिमीटरमध्ये:

बाजू: ३६० × २०४, चार
वर आणि खाली: १७४ × २०४, चार
आतला आडवा टेका: १७४ × २०४, दोन
पुढची आणि मागची फळी: ३६२ × २१२, चार

डबा तयार झाल्यावर बाहेरून ३६० × २१० × २४० होतो. आतून ३२४ × १७४ × २०४, म्हणजे ११.५ लिटर. त्यातून वूफर, टेका आणि क्रॉसओव्हरची जागा वजा केली की साडेदहाच्या आसपास उरतात. पुढची-मागची फळी दोन मिलिमीटर मोठी मुद्दाम ठेवली आहे. चिकटवल्यावर ती घासून बरोबर करायची. आधीच काटेकोर कापली आणि चिकटवताना एक मिलिमीटर सरकली तर ती पायरी कायम राहते.

कापणाऱ्याला एकच गोष्ट ठासून सांगा: २०४ ची सगळी कापणी एकाच सेटिंगवर करायची, मध्ये गाइड हलवायचा नाही. २०४.५ आलं तरी बिघडत नाही, पण दहाही तुकडे २०४.५ च आले पाहिजेत. त्यातला एखादाच २०३ आला तर पुढची फळी तिथे टेकणार नाही आणि फट राहील. सोयीचा क्रम असा: आधी २१२ ची लांब पट्टी काढून तिच्यातून ३६२ चे चार तुकडे घ्या. पट्टीचा उरलेला साधारण एक मीटरचा भाग पुढच्या पट्टीसोबत २०४ वर चालवा. एका २०४ च्या पट्टीत नऊ तुकडे बसतात, दहावा या उरलेल्या भागातून निघतो. ब्लेड दर कापाला तीनेक मिलिमीटर, म्हणजे जवळपास एक सूत, खातं. ते कागदावर धरूनच शीट आखा.

दुकानातच गुण्या लावून चार-पाच तुकड्यांचे कोपरे तपासा. जोडीचे तुकडे एकमेकांवर ठेवून कडेवरून बोट फिरवा. जिथे बोट अडतं तो तुकडा तिथेच दुरुस्त करून घ्या.

भोकं: डबा जुळवण्याआधी

पुढच्या फळीवर मधोमध उभी रेघ मारा. तयार डब्याच्या तळापासून १२५ वर वूफरचं केंद्र आणि २६५ वर ट्वीटरचं. फळी दोन मिलिमीटर मोठी असल्यानं कच्च्या कडेपासून एक मिलिमीटर जास्त धरा. भोकाचा व्यास कागदावरून घेऊ नका, हातातला ड्रायव्हर मोजून घ्या. या लेखात वूफरचं भोक १४६ आणि ट्वीटरचं ७६ धरलं आहे.

ट्वीटरसाठी ७६ चा होल सॉ मिळतो. वूफरसाठी राऊटर (फिरत्या बिटनं लाकूड कोरणारं यंत्र) आणि ६ मिलिमीटर प्लायच्या पट्टीची गोल कापायची फिरकी सगळ्यात उत्तम. ड्रायव्हरची चकती फळीच्या पातळीत खाली बसवायची असेल तर आधी बाहेरची खाच, मग आरपार भोक. उलट केलं तर मधला तुकडा पडतो, फिरकीचा खिळा बसवायला केंद्रच उरत नाही आणि खाच काढता येत नाही. खाच चकतीपेक्षा व्यासाला एक मिलिमीटर मोठी ठेवा, रंगाचा थरही जागा घेतो. राऊटर एका फेरीत तीन-चार मिलिमीटरपेक्षा खोल घालू नका. जास्त घातला की बिट जळतं आणि फिरकी हातातून ओढली जाते.

राऊटर नसेल तर वूफर फळीच्या वर बसवा, हरकत नाही. १० मिलिमीटरचं भोक पाडून जिगसॉ आत घाला, रेषेच्या एक मिलिमीटर आतून कापा आणि अर्धगोल कानशीनं रेषेपर्यंत या. जिगसॉचं ब्लेड जाड फळीत तिरकं पडतं, म्हणून खालचं भोक वरच्यापेक्षा लहान-मोठं होतं. आतून बाहेर येणाऱ्या कानशीनं ते सारखं करता येतं.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. १८ मिलिमीटर जाड फळीत वूफर बसला की कोनच्या मागची हवा एका आखूड बोगद्यात अडकते. भोकाची आतली कड ४५ अंशात, सात-आठ मिलिमीटर तिरपी कापा. जिथे स्क्रू येणार तिथे लाकूड शाबूत ठेवा आणि वरच्या बाजूलाही कापू नका, तिथे टेका येतो.

टेक्याच्या मध्ये ११४ × १४४ ची खिडकी पाडा. चारी बाजूंना ३० मिलिमीटरची चौकट उरते. मागच्या फळीत टर्मिनलच्या वाटीचं (बाहेरच्या तारा जिथे जोडायच्या तिचं) भोक तळाकडे.

एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि त्यात युरिया-फॉर्मल्डिहाइडची राळ असते. एन-९५ मास्क लावा, गच्चीत किंवा अंगणात काम करा आणि कूलरच्या वाऱ्यात तर मुळीच नको. सगळा भुसा घरभर जातो.

चिकटवणं

पांढरा फेविकॉल पुरेसा आहे. नीट दाबून वाळलेला सांधा एमडीएफपेक्षा मजबूत होतो. ओढून तोडला तर फळीच फाटते. पण उन्हाळ्यात दुपारी ४४-४५ अंशात गोंदावर काही मिनिटांतच साय धरते आणि मग तुकडे दाबले तरी आत धरत नाही. मे महिन्यात हे काम सकाळी आठच्या आत उरका.

एमडीएफची कापलेली कड गोंद पिऊन टाकते. म्हणून कडेवर आधी एक पातळ हात द्या, काही मिनिटं मुरू द्या, मग दुसरा हात देऊन जोडा. ‘सांधा सुटला’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हा एकच हात असतो.

गोंदाआधी सगळं एकदा कोरडंच जुळवून बघा आणि प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीनं खुणा करा. नंतर दोन बाजू आणि वर-खालचे तुकडे यांची चौकट करा. क्लॅम्प लावून दोन्ही कर्ण मोजा, ते ४१७ च्या आसपास आणि एकमेकांशी सारखे हवेत. एक जास्त असेल तर त्या दिशेनं एक क्लॅम्प तिरका लावून हळू दाबा. चौकट वाळायच्या आतच टेका आत बसवा, खालच्या फळीपासून १८५ वर. तो दोन्ही भोकांच्या मध्ये येतो आणि दोन्ही बाजू, पुढची आणि मागची फळी अशा चौघांना एकत्र बांधतो. आतली उंची १८५ आणि १२१ अशी असमान वाटली जाते, त्यामुळे दोन्ही भागांतल्या फळ्या एकाच सुरावर थरथरत नाहीत.

एका डब्याला सहा तरी क्लॅम्प लागतात. तेवढे नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापा आणि डब्याभोवती ताणून गुंडाळा. दर फेऱ्यागणिक दाब वाढत जातो आणि कोपऱ्यांवर तो अगदी सारखा बसतो. स्क्रूनंच आवळायचं असेल तर कडेत आधी अडीच-तीन मिलिमीटरचं भोक पाडा. न पाडता स्क्रू मारला की एमडीएफची कड पुस्तकाच्या पानांसारखी उकलते. गोंद वाळल्यावर स्क्रू काढून टाका आणि भोकं बांबूच्या काडीनं बुजवा, नाहीतर रंगाखाली त्यांचे गोल उमटतात.

दाबल्यावर सांध्यातून गोंदाचे थेंब सगळीकडे बाहेर यायला हवेत. जिथे आले नाहीत तिथे गोंद कमी पडला. बाहेरचे ओल्या फडक्यानं पुसा, आतले राहू द्या. क्लॅम्प दोन तासांत काढता येतात, पण घासायला दुसरा दिवस उजाडू द्या.

मग मागची फळी, आणि सगळ्यात शेवटी पुढची. त्याआधी आतल्या सगळ्या सांध्यांवर सीलंटची बारीक रेघ ओढून बोटानं दाबा. आंबट वासाचं साधं सिलिकॉन वापरलं तर ते पूर्ण वाळेपर्यंत ड्रायव्हर बसवू नका, त्याची वाफ तांब्याला खाते. ॲक्रिलिक सीलंटला हा त्रास नाही. पुढची फळी लावल्यावर वूफरच्या भोकातून हात घालून तिथलेही सांधे भरा.

आता डब्यावर बोटाच्या पेरानं ठोका. ‘ठक’ असा कोरडा, आखूड आवाज हवा. कुठे ‘ढब’ आलं तर त्या जागी आतून गाडीच्या दाराला लावतात तशी डांबरी शीट चिकटवा.

आतला कापूस, तारा आणि गळती

कापूस म्हटलं की विदर्भात दुसरं काही शोधावं लागत नाही, पण इथे खरा कापूस नको. तो ओल धरतो आणि काही महिन्यांत तळाशी बसतो. गादीवाल्याकडे उशीत भरायचा पॉलिस्टर मिळतो तो घ्या. प्रत्येक डब्याला १०० ते १५० ग्रॅम, पिंजून सैल. ठासून भरला की बेस मेल्यासारखा होतो.

तारा दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या. क्रॉसओव्हर मागच्या फळीवर किंवा तळाला स्क्रूनं घट्ट बसवा, नुसत्या दुहेरी टेपनं नाही. उन्हाळ्यात टेपचा चिकटा सैल होतो आणि पट्टी खडखडू लागते. वूफरची धन बाजू ओळखायची असेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: धनला धन लागलं की कोन बाहेर येतो. ट्वीटरला सेल लावू नका.

ड्रायव्हरच्या चकतीखाली फोमची पातळ पट्टी घाला. स्क्रूसाठी आधी बारीक भोकं पाडा आणि शेवटच्या फेऱ्या हातानंच फिरवा. वूफरचं चुंबक पेचकस जोरात ओढतं, टोक घसरतं आणि कोनला भोक पडतं. स्क्रू पिळताना कोनवर पुठ्ठा धरा. ही चूक झाली की वूफर गेला.

गळतीची परीक्षा सोपी आहे. वूफरचा कोन दोन्ही बाजूंना बोटं सारखी ठेवून हळूच आत दाबा आणि सोडा. डबा बंद असेल तर तो सावकाश परत येतो. पटकन उसळला तर कुठेतरी फट आहे. ती शोधायला ३०-४० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि पंखा बंद करून सांध्यांच्या बाजूनं उदबत्ती फिरवा. धूर जिथे फडफडेल तिथे फट. बहुतेक वेळा ती टर्मिनलच्या वाटीपाशी निघते.

नळी लावायचा विचार असेल तर

त्याच वूफरला नळीचा डबा हवा असेल तर साधारण २४ लिटर आणि ४३ हर्ट्झचा मेळ (नळीतली हवा ज्या सुरावर घुमते तो) लागतो. आतून ५ सेंटिमीटरची नळी ९.६ सेंटिमीटर लांब. बेस खरंच खोल येतो. पण हीच नळी वर बांधलेल्या साडेदहा लिटरच्या डब्यात खुपसली तर मेळ ६५ हर्ट्झवर जातो आणि तबल्याचा बायाँ, ढोलक, गिटारचा बेस सगळं एकाच ‘भूं’मध्ये मिसळतं. बंद डब्याला भोक पाडून नळीचा डबा होत नाही. नवा डबा आखावा लागतो. त्यात पॉलिस्टर भिंतींनाच लावतात, नळीच्या तोंडासमोर नाही.

वरचं रूप

वाढीव दोन मिलिमीटर रंध्यानं किंवा १२० च्या घासपेपरनं उतरवा, मग १८० आणि २४०. एमडीएफच्या कडा रंग पितात. त्यांना सँडिंग सीलरचे दोन हात द्या, दोन हातांच्या मध्ये घासा. सांध्याची रेघ रंगाखाली काही महिन्यांनी उमटते, कारण फळी आणि तिची कड वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. म्हणून रंगायचं असेल तर डबा दोन-तीन आठवडे तसाच ठेवून मग शेवटचा हात द्या. सागाचं व्हिनियर किंवा सनमायका ही रेघ झाकतात, म्हणून पहिल्या डब्याला तेच बरं. सनमायकाला फेविकॉल एसआर दोन्ही पृष्ठांवर लावा आणि बोटाला चिकटेनासं झाल्यावरच जोडा. भर पावसात लॅकर मारू नका. ओल्या हवेत त्यावर पांढुरकी झाक येते.

जागा

बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून ९० ते १०० सेंटिमीटरवर असतो. ट्वीटर त्याच उंचीवर हवा, म्हणजे स्टँड ६५ ते ७० सेंटिमीटर. भिंतीपासून एक-दीड फूट पुढे ठेवा. टाइल्सची फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत एक सतरंजी आणि जाड पडदा महागड्या केबलपेक्षा जास्त उपयोगी पडतात. कूलरच्या झोतात डबा ठेवू नका. होळीपासून जूनपर्यंत तो ओला वारा रोज एकाच बाजूला लागला की त्या बाजूची एमडीएफची कड फुगते आणि सनमायका उचलतो.

पहिला पावसाळा सरला की दसऱ्याच्या सुमारास वूफरचे स्क्रू एकदा हातानं तपासा. फोमची पट्टी दबलेली असते, त्यामुळे ते थोडे सैल मिळतात. पेचकस पाव फेरीच फिरवा. एमडीएफमधला आटा एकदा झिजला की तिथे तो स्क्रू पुन्हा धरत नाही.